वृक्षरेषा आणि वारा



गढवालमधील चोपटा या ठिकाणाहून तुंगनाथाच्या मंदिराकडे जी पायवाट चढते, ती जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरांची आहे. परंतु एवढ्या अल्प अंतरात वनस्पतिसृष्टीचा एक संपूर्ण अंक संपतो आणि दुसरा सुरू होतो. प्रारंभी खरसू नावाचा ओक, बुरांस आणि तालिसपत्र यांची दाट झाडी वाटेला सावली देते. जसजसे वर जावे तसतशी ही झाडी विरळ होते. झाडांचे बुंधे उताराकडे वाकलेले दिसू लागतात. मग निळसर फुलांचा ठेंगणा ऱ्होडोडेंड्रॉन जमिनीलगत वेडावाकडा पसरलेला आढळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० ते ३,४०० मीटरांच्या पुढे मात्र झाड म्हणावे असे काही उरत नाही. उरते ती नुसती हिरवळ. त्या प्रदेशात तिला बुग्याल म्हणतात. तुंगनाथाचे मंदिर सुमारे ३,६८० मीटर उंचीवर, म्हणजे वृक्षांना बरेच मागे टाकून उभे आहे.

झाडे येथेच का थांबली, असे यात्रेकरूला विचारले तर तो थंडीकडे बोट दाखवील. मेंढपाळाला विचारले तर तो वाऱ्याचे नाव घेईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ती दोन तथ्ये एकाच पातळीवरची नाहीत. थंडी जगभर एक ढोबळ मर्यादा आखते आणि वारा त्या मर्यादेच्या आत प्रत्येक धारेवर, प्रत्येक खिंडीत आपली स्वतंत्र रेघ ओढतो. या दोन रेघांमधील संबंध समजून घेणे हे केवळ शास्त्रीय कुतूहलाचे काम नव्हे. डोंगरावर झाडे कोठे लावावी आणि कोठे लावू नयेत, हिमकडे कोसळण्यापासून गावे कशी वाचवावीत आणि तापणाऱ्या हवामानात उंचावरील कुरणांचे भवितव्य काय, हे सर्व प्रश्न त्या संबंधाशी निगडित आहेत.

रेषा नव्हे, पट्टा

आरंभी शब्दांचा थोडा खुलासा केला पाहिजे. 'वृक्षरेषा' हा शब्द सोयीचा असला तरी निसर्गात अशी रेषा नसते. असतो तो एक पट्टा. खालच्या बाजूला सलग अरण्याची कड, त्यावर तुरळक झाडांची बेटे आणि सर्वांत वर गुडघाभर उंचीची, वृक्षजातीचीच परंतु झुडपासारखी झालेली झाडे, असा त्याचा क्रम असतो. सर्वसाधारणपणे तीन मीटरांपर्यंत वाढलेल्या झाडांची सर्वांत वरची बेटे जोडणाऱ्या काल्पनिक रेषेला शास्त्रज्ञ वृक्षरेषा म्हणतात. काही डोंगरांवर हा पट्टा शेदोनशे मीटर रुंद असतो, तर काही ठिकाणी तो इतका अरुंद असतो की अरण्य जणू सुरीने कापून ठेवल्यासारखे भासते.

उंचीप्रमाणे वनस्पती कशा बदलतात, याचे पहिले भव्य चित्र जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट याने उभे केले. दि. २३ जून १८०२ रोजी तो आपला सहकारी बाँप्लां याच्यासह दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वत चढला. शिखर गाठता आले नाही. परंतु पायथ्याच्या ताडांपासून वरच्या दगडफुलापर्यंत कोणती वनस्पती किती उंचीवर थांबते हे दाखविणारा जो आडवा छेद त्याने १८०७ साली प्रसिद्ध केला, त्यातून वनस्पतिभूगोल या शास्त्राची पायाभरणी झाली. उत्तरेकडे चालत जाणे आणि डोंगर चढत जाणे या दोहोंत वनस्पतींच्या दृष्टीने साम्य आहे, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार होय.

हे साम्य आकड्यांत मांडण्याचे काम पुढे दोनशे वर्षे चालू राहिले. हवा उंचीबरोबर थंड होते. ढोबळ मानाने दर शंभर मीटरांना ०.६ अंश सेल्सियस. साहजिकच विषुववृत्ताजवळ वृक्षरेषा उंच आणि ध्रुवाकडे ती खाली. बोलिव्हियातील सहामा या ज्वालामुखीच्या उतारावर पॉलिलेपिस नावाची झाडे सुमारे ५,१०० मीटरांपर्यंत आढळतात. तिबेटच्या आग्नेय भागात धूपवृक्षाच्या जातीची झाडे ४,९०० मीटरांपर्यंत पोहोचली आहेत. उत्तर गोलार्धातील ही सर्वांत उंच वृक्षरेषा. उलटपक्षी स्वीडनच्या उत्तर टोकाला भूर्जाची झाडे सातशे मीटरांच्या आतच थांबतात.

उंचीचे हे आकडे परस्परांशी इतके विसंगत वाटतात की त्यामागे एखादा समान नियम असेल यावर विश्वास बसू नये. परंतु स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठाचे ख्रिश्चन कोर्नर आणि त्यांचे सहकारी यांनी ६८ अंश उत्तर ते ४२ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान ४६ ठिकाणी वृक्षरेषेवरच्या झाडांखाली, मातीत १० सेंटिमीटर खोलीवर तापमापक पुरून ठेवले. २००४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाढीच्या हंगामातील सरासरी तापमान सर्वत्र साडेसहा अंशांच्या आसपास निघाले; नेमका आकडा ६.७ अंशांचा होता. उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा असो वा बारा महिन्यांचा, हिवाळा कडाक्याचा असो वा सौम्य, झाडाला वाढीच्या काळात एवढी ऊब मिळाली नाही तर ते झाड होऊन उभे राहत नाही.

थंडीने झाडाची उपासमार होते, ही समजूत पुष्कळ काळ रूढ होती. परंतु वृक्षरेषेवरच्या झाडांच्या लाकडात साखर आणि पिष्ट यांचा साठा तपासला असता तो खालच्या झाडांपेक्षा कमी आढळला नाही. पाने पाच अंशांच्या थंडीतही बऱ्यापैकी अन्न तयार करतात. अडते ते त्या अन्नापासून नवी पेशी, नवे लाकूड घडविण्याचे काम. पाच अंशांच्या खाली पेशींचे विभाजन आणि वाढ जवळजवळ थांबते. गोदामात सिमेंट-विटा भरलेल्या असाव्यात आणि गवंडी मात्र कामावर येऊ नये, अशी ही अवस्था आहे.

उंच वाढण्याची किंमत

येथे एक शंका साहजिकच येते. ऊब कमी पडते म्हणून झाड वाढत नाही, हे मान्य केले तरी त्याच उतारावर, त्याहून कित्येक शे मीटर वर झुडपे आणि गवते सुखाने नांदतात ती कशी? त्यांच्या पेशी काही वेगळ्या धातूच्या नसतात. पाच अंशांची अडचण त्यांनाही तितकीच आहे.

याचे उत्तर उंचीत आहे, आणि येथेच वाऱ्याचा प्रवेश होतो. जमिनीलगत हवेचा वेग घर्षणामुळे फार मंद असतो. ठेंगणी, दाट वनस्पती या संथ थरात दबून राहते. ऊन पडले की तिची पाने आणि खालची माती तापते, आणि ती ऊब वाहून नेणारा वारा तेथवर पोहोचत नसल्यामुळे तिच्या अंगाभोवतीचे तापमान वरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक राहते. उष्णतेची चित्रे घेणारे कॅमेरे वापरून आल्प्समध्ये केलेल्या पाहणीत, स्वच्छ उन्हाच्या दिवशी कुरणे उबदार आणि त्यांच्या शेजारची झाडे थंडगार असल्याचे स्पष्ट दिसून आले. झाडाचा शेंडा मोकळ्या हवेत असतो. हवेचे जे तापमान तेच त्याचे. शिवाय झाड स्वतःच्या सावलीने आपल्याच मुळांखालची माती थंड ठेवते. ठेंगणेपणा हा उंच डोंगरावर घोंगडीसारखा उपयोगी पडतो, आणि वृक्षाला ती घोंगडी पांघरता येत नाही.

यामुळेच वृक्षरेषेच्या वर गवतात दडलेली वृक्षांची रोपे आढळतात, तरीही वर्षानुवर्षे तेथे अरण्य होत नाही. रोप गवताच्या आश्रयाला असते तोवर ते झुडपाच्या हवामानात जगते. डोके गवताबाहेर काढले की त्याची गाठ वृक्षाच्या हवामानाशी पडते.

वाऱ्याचे हत्यार

आतापर्यंत वाऱ्याची भूमिका ऊब हिरावून नेणाऱ्याची होती. तो याहून उघड घावही घालतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. हे खरे की उंचावर हवा विरळ असते. ३,५०० मीटरांवर तिची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच भरते आणि तेवढ्या प्रमाणात धक्का सौम्य होतो. परंतु डोंगराच्या धारेवर हवेचा प्रवाह आकुंचित होऊन त्याचा वेग इतका वाढतो की ही सवलत पुरी पडत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील न्यू हँपशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन. उंची अवघी १,९१७ मीटर; आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटर अधिक, इतकेच. परंतु या शिखरावरील वेधशाळेत दि. १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद झाली. १९९६ साली ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर एका चक्रीवादळात स्वयंचलित यंत्राने ताशी ४०८ किलोमीटरांची नोंद करीपर्यंत तो जागतिक उच्चांक होता. या पर्वतावर झाडे सुमारे १,४०० ते १,५०० मीटरांवर थांबतात. साधारण त्याच अक्षांशाच्या आसपास असलेल्या आल्प्सच्या अंतर्भागात ती २,२०० मीटरांच्याही वर जातात. हा फरक सर्वस्वी वाऱ्याचा नव्हे. विशाल पर्वतराजींचा अंतर्भाग उन्हाने अधिक तापतो आणि त्यांची बाहेरची शिखरे वारे-ढग अडवितात. म्हणून पर्वत जितका विस्तीर्ण, तितकी त्याच्या पोटातील वृक्षरेषा उंच, असा अनुभव आहे. एकाकी शिखराला असे कवच नसते.

थंड प्रदेशात वारा एकटा येत नाही. तो बर्फाचे कण घेऊन येतो. हे कण म्हणजे अक्षरशः कानशीच होय. सूचिपर्णी झाडांच्या पानांवर मेणाचे जे पातळ आवरण असते, ते या घासण्याने झिजते. हिवाळ्याच्या अखेरीस ऊन तापू लागते, तेव्हा आवरण गमावलेली पाने पाणी सोडू लागतात. परंतु जमीन आणि खोड गोठलेले असल्यामुळे खालून पुरवठा होत नाही. पाने तहानेने वाळतात आणि वाऱ्याच्या बाजूच्या कळ्या, डहाळ्या मरतात. आडोशाच्या बाजूच्या मात्र टिकतात. काही वर्षांनी त्या झाडाला निशाणाचे रूप येते: खोड काठीसारखे आणि सर्व फांद्या एकाच दिशेला फडकल्यासारख्या. टिएरा देल फुएगोच्या बेटांवर तर अशा झाडांना स्पॅनिशमध्ये 'निशाणझाडे' असेच म्हणतात.

याहूनही वर गेले की उभे राहण्याचा हट्टच झाड सोडून देते. जर्मन भाषेत या अवस्थेला क्रुमहोल्झ, म्हणजे वाकडे लाकूड, असा शब्द आहे आणि शास्त्रात तोच रूढ झाला आहे. हिवाळ्यात बर्फाचा थर जेवढा जाड, तेवढीच या झाडांची उंची. बर्फाखालचा भाग सुरक्षित राहतो. वर आलेला प्रत्येक कोंब वारा छाटून टाकतो. माळ्याने कात्री चालविलेल्या कुंपणासारखी ही झाडी सपाट दिसते ती यामुळे. बियांपासून नवी रोपे येण्याची शक्यता तेथे थोडी. परंतु जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळे फुटतात आणि झाड आडव्या अंगाने जगत राहते. रॉकी पर्वतातील काही ठिकाणी अशा झाडांची बेटे वाऱ्याच्या बाजूने मरत आणि आडोशाच्या बाजूने मुळे धरत वर्षाला एक-दोन सेंटिमीटर सरकतात. चालणारे अरण्य म्हणून परीकथेत शोभावे, असे हे दृश्य. फक्त ते पाहावयास शतकांचे आयुष्य हवे.

त्याहून वेगाने चालणारी अरण्येही आहेत. जपानच्या नागानो प्रांतात शिमागारे नावाचा डोंगर आहे. नावाचा अर्थच 'पट्ट्यापट्ट्यांनी वाळलेला'. त्याच्या हिरव्या उतारावर वाळलेल्या झाडांचे पांढुरके पट्टे लाटांसारखे दिसतात. अमेरिकेच्या ईशान्य भागातील डोंगरांवरही हेच घडते. एखाद्या ठिकाणी मोकळीक झाली की तेथील कडेची फरची झाडे वाऱ्याच्या तोंडी येतात, हिमकणांच्या माऱ्याने मरतात, त्यामुळे त्यांच्या मागची झाडे उघडी पडतात, मग ती मरतात. मेलेल्या रांगेच्या जागी दरम्यान नवी रोपे उगवलेली असतात. अशा रीतीने मृत्यूचा पट्टा वाऱ्याच्या दिशेने वर्षाला सुमारे एक ते तीन मीटर पुढे सरकतो आणि त्याच्यामागून तरुण अरण्य येत राहते. दुरून रोगाची साथ वाटावी असा हा प्रकार वस्तुतः अरण्याच्या पुनर्निर्मितीचा आहे.

झाडांचे हे वाकणे इंजिनियरांच्याही नजरेतून सुटले नाही. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यातील ग्रँडपाज नॉब या टेकडीवर १९४१ साली १,२५० किलोवॅट क्षमतेची पवनचक्की उभी राहिली. मेगावॅटच्या घरातील ती जगातील पहिली पवनचक्की. तिचे प्रवर्तक पामर पटनम आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रिग्ज यांनी झाडाच्या विकृतीवरून तेथील वार्षिक सरासरी वारा अजमावण्याची मोजपट्टी तयार केली, आणि तिचा उपयोग पुढेही अनेक ठिकाणी प्राथमिक पाहणीसाठी झाला. गंमत अशी की, त्या टेकडीवर प्रत्यक्ष वारा अपेक्षेपेक्षा कमी निघाला. झाडांची साक्ष मोलाची खरी. परंतु तिला यंत्राच्या मोजणीची जोड पाहिजे.

लावलेल्या झाडांची कहाणी

आल्प्समध्ये वृक्षरेषेचा प्रश्न जीवनमरणाचा झाला तो १९५०-५१ च्या हिवाळ्यात. त्या एका हिवाळ्यात हिमकडे कोसळून स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया व शेजारील प्रदेशांत २५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शतकानुशतके चराईसाठी झाडे तोडून कुरणे खाली आणल्यामुळे बर्फ धरून ठेवणारे अरण्य वरच्या उतारांवर उरले नव्हते. साहजिकच वनीकरणाचे प्रयत्न सुरू झाले. आणि जेथे डोळे मिटून रोपे लावली तेथे ती मेलीही. तेव्हा ऑस्ट्रियात ओबरगुर्गल येथील संशोधकांनी निराळा मार्ग धरला. रोपे लावण्याआधी त्यांनी उताराची अगदी बारीक पाहणी केली. वारा कोठे बर्फ उडवून जमीन उघडी टाकतो, उडविलेले बर्फ कोठे साचते, ते कोठे जूनपर्यंत वितळत नाही, याचे त्यांनी नकाशेच काढले. दहा-वीस पावलांच्या अंतरावर हवामान बदलते, हे त्यातून ध्यानात आले.

स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ स्टिलबर्ग येथे १९७५ साली याच विचाराने मोठा प्रयोग हाती घेण्यात आला. २,००० ते २,२३० मीटर उंचीच्या उतारावर लार्च आणि पाइनच्या दोन जाती मिळून सुमारे ९२,००० रोपे ठरावीक अंतराने लावण्यात आली. तीस वर्षांनी हिशेब घेतला तेव्हा लार्चची बहुतेक रोपे तगली होती आणि पाइनची बहुतेक नष्ट झाली होती. ज्या घळींत बर्फ उशिरापर्यंत साचून राही, तेथे बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीने पाइनचा फडशा पाडला. वाऱ्याने लवकर मोकळ्या होणाऱ्या उंचवट्यांवर त्यांचा निभाव लागला. म्हणजे वारा येथे नुसता वैरी ठरला नाही. त्याचा झोत रोपाला मारतो, तर त्याची गैरहजेरी बुरशीला वाव देते. लार्च हिवाळ्यात पाने गाळून टाकतो, म्हणून हिमकणांच्या कानशीला घासायला आणि त्या बुरशीला पोसायला त्याच्यापाशी फारसे काही राहत नाही, ही गोष्टही लक्षणीय आहे.

भूर्जाचे अरण्य

हिमालयात पाने गाळण्याची हीच युक्ती भूर्जाने साधली आहे. ज्याच्या सालीवर आपल्या देशातील किती तरी पोथ्या लिहिल्या गेल्या, तो हा वृक्ष पश्चिम आणि मध्य हिमालयात विशेषतः उत्तराभिमुख, बर्फाळ उतारांवर वृक्षरेषा राखून आहे. सरकत्या बर्फाच्या भाराने त्याचे खोड मुळाशी बाक घेते आणि मग वर उठते. कस्तुरीमृगाचा वावर या भूर्ज-ऱ्होडोडेंड्रॉनच्या पट्ट्यातच असतो.

हिमालयाची वृक्षरेषा सर्वत्र सारखी नाही. काश्मीर-उत्तराखंडात ती साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरांवर, तर सिक्कीमकडे ती चार हजार मीटरांच्या घरात जाते. शिवाय येथे उबेखेरीज आणखी एक अडचण आहे. मार्च ते मे या महिन्यांत, बर्फ वितळून गेलेले आणि पावसाळा अद्याप दूर, अशा वेळी जमीन कोरडी पडते. नेपाळमधील वृक्षरेषेवरच्या भूर्जांची वार्षिक वलये तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, या झाडांची वाढ मान्सूनपूर्व ओलाव्यावर अवलंबून आहे. कोरडा वारा आणि तापलेले ऊन एकत्र आले की वाढत्या तापमानाचा लाभ झाडाला मिळण्याऐवजी त्याची तहान वाढते. काश्मीर, उत्तराखंड आणि सिक्कीम अशा तीन ठिकाणी भारतीय शास्त्रज्ञांनी वृक्षरेषेचा जो एकत्रित अभ्यास हाती घेतला, त्याचे प्रयोजन हेच होते. कोरड्या पश्चिमेपासून ओल्या पूर्वेपर्यंत एकच प्रश्न विचारला तर उत्तरे निराळी येतात.

हवामान तापले म्हणजे वृक्षरेषा आपोआप वर चढेल, हे गणित कागदावर सोपे आहे. एक अंश वाढले की सुमारे दीडशे मीटर. प्रत्यक्षात, जगभरातील १६६ ठिकाणच्या १९०० नंतरच्या नोंदी एकत्र करून २००९ साली जो आढावा घेण्यात आला, त्यात ५२ टक्के ठिकाणी वृक्षरेषा वर सरकल्याचे आढळले. मागे हटल्याची उदाहरणे अवघी एक टक्का. उरलेल्या ठिकाणी ती होती तेथेच होती. विशेष म्हणजे उन्हाळ्यापेक्षा हिवाळा जेथे अधिक सौम्य झाला, तेथे ती पुढे सरकण्याचा संभव अधिक दिसला. हिवाळ्यातील वारा आणि हिमकण यांचा जाच कमी झाल्याशिवाय नुसती उन्हाळ्याची ऊब पुरत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

वृक्षरेषा वर सरकणे ही गोष्ट डोंगरातील माणसाला वरदान वाटेलच असे नाही. बुग्यालांवर उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप चरतात. अतिविष, कुटकी, जटामांसी या औषधी याच पट्ट्यातल्या. अरण्य वर चढले तर कुरण आकसते, आणि कुरणाला वर सरकावयास खडक आणि हिम यांखेरीज जागा नसते. दुसरीकडे, माणसाच्या हातून वृक्षरेषा खाली ढकलली गेल्याचेही पुरावे आहेत. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाताना भोजबासा हा मुक्काम लागतो. भूर्जावरूनच त्याला नाव मिळाले. परंतु यात्रेकरूंच्या चुलींसाठी झालेल्या तोडीने तेथील भूर्जवन विरळ होत गेले. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९९० च्या दशकात तेथे भूर्जाची हजारो रोपे लावण्याचे काम हाती घेतले. ते काम किती चिकाटीचे, याची कल्पना एवढ्यावरून येईल की, त्या उंचीवर वाढीचा हंगाम वर्षातून काही महिन्यांचाच मिळतो. एका यात्रेच्या काळात जळणारे लाकूड तयार होण्यास तेथे कित्येक दशके लागतात. बुग्यालांवरील गर्दीची दखल न्यायसंस्थेलाही घ्यावी लागली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने तेथे रात्रीच्या मुक्कामास मनाई करणारा आदेश दिला.

सह्याद्रीचे सडे

वृक्षरेषेची चर्चा महाराष्ट्रात करताना एक गैरसमज दूर केला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावरची उघडी पठारे पाहून तेथेही वृक्षरेषा आली असे काहींना वाटते. साधा हिशेब करून पाहावा. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि तेथील वार्षिक सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास आहे. दर शंभर मीटरांना ०.६ अंश या हिशेबाने साडेसहा अंशांपर्यंत उतरण्यास आणखी सव्वादोन हजार मीटर चढावे लागेल. म्हणजे सह्याद्रीत वृक्षरेषा असलीच तर ती ३,६०० मीटरांच्या आसपास, आकाशात आहे. कळसूबाई १,६४६ मीटरांवरच संपते. दक्षिणेकडील अनाईमुडीही २,६९५ मीटरांच्या पुढे जात नाही. तिकडच्या शोला अरण्यांभोवतीच्या गवताळ माळांवर हिवाळ्यातील रात्री दहिवर गोठते आणि कोवळी रोपे जळतात हे खरे; परंतु तो प्रकार निराळा.

मग कासचे पठार उघडे का? कारण तेथे जांभ्याच्या कातळावर मातीचा थर बोटभरच आहे. पावसाळ्यात तो पाण्याने तुडुंब होतो आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. त्यात जून ते सप्टेंबर नैऋत्येचा अखंड वारा. झाडे आहेत ती कातळाच्या भेगांतून आणि दरीच्या आडोशाला. महाबळेश्वरच्या अरण्यातील जांभूळ, पिसा आणि अंजनी हे वृक्षदेखील पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पिऊनही खुजेच राहतात. खालच्या ओल्या दऱ्यांत मात्र झाडे उंच वाढतात.

झाडे नाहीत म्हणून सडा 'पडीक' समजण्याची आणि सुरुंग लावून खड्डे करून तेथे रोपे लावण्याची हौस आपल्याकडे अद्याप पुरती ओसरलेली नाही. त्या बोटभर मातीत पावसाळ्याचे चार महिने जी रानफुले येतात, त्यांतील काही जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. कास पठाराचा २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक नैसर्गिक वारशाच्या यादीत समावेश झाला तो याच वनस्पतींमुळे. सावली करणारे झाड तेथे रुजलेच, तर त्याखालचे हे फुलांचे गालिचे नाहीसे होतील. आणि रुजले नाही तर खड्ड्यांवरचा खर्च तेवढा वाया जाईल. घाटमाथ्यावर झाडे लावावयाची तर आडोशाच्या उतारावर, खोल मातीत, आणि तेथे पूर्वीपासून असलेल्या जातींचीच.

वाऱ्याचा उपयोग मात्र माथ्यावरच. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथील पठारांवर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पावसाळ्यात त्यांची पाती जोरात फिरतात, तेव्हा जवळच्या कड्याच्या धारेवर एखादी अंजनी पूर्वेकडे झुकून उभी असते.